इटलीचे फोटो पुष्कळ झाले, आता तिकीट कुठे पंच करायचं ते छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परवा इटलीवर पानभर लेख आला, गोंडोला, पिसाचा कलता मनोरा, सूर्यास्ताच्या वेळचा फ्लोरेन्सचा पूल, सगळं रंगीत आणि सुंदर, वाचायला छान वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण ते पान बघून मला आमचं कात्रण आठवलं आणि पत्र लिहायला बसले. असंच एक पान कापून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट घालून आम्ही २०२५च्या सप्टेंबरात इटलीला नेलं होतं आणि अकरा दिवसांत त्याचा एकदाही उपयोग झाला नाही. कोलोसियम बघायचं हे सांगायला पेपर कशाला पाहिजे हो, ते सगळ्यांना माहितीये. तिथे पोचल्यावर तिकिटाचं काय करायचं, पाणी कुठे भरायचं, बाथरूमला कुठे जायचं, शाकाहारी माणसाने काय मागवायचं, हे आपल्या पेपरांमध्ये येत नाही आणि ते यायला पाहिजे एवढंच मला म्हणायचंय.

आम्ही तिघं गेलो होतो, मी, आमचे हे आणि माझ्या मोठ्या वन्सं, वयं ६३, ६७ आणि ७२. टूरबरोबर गेलो नाही कारण वन्संचा गुडघा, सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, सातला बस आणि दिवसाला दोन गावं हे त्यांना झेपणारं नव्हतं. भाचा जर्मनीत असतो, त्याने हॉटेलं आणि लांबच्या गाड्यांची तिकिटं काढून दिली, बाकी तुम्ही बघा म्हणाला. आता अशी कितीतरी घरं आहेत, आमच्या नाशिकच्या एका सोसायटीतच चार आहेत, मुलं बाहेर, आईवडील रिटायर्ड, हातात थोडे पैसे आणि आपल्या चालीने फिरायची हौस. ही माणसं ॲपपेक्षा पेपरवर जास्त विश्वास ठेवतात, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

तर पिसाची गोष्ट सांगते. फ्लोरेन्सहून पिसाला साधी पॅसेंजर जाते, तासाभराचा रस्ता, तिकीट माणशी दहा युरोच्या आतबाहेर. मशीनवर इंग्रजी येतं, त्यामुळे तिघांची तिकिटं आम्ही बरोबर काढली, कागदाची, आणि गाडीत जाऊन बसलो. अर्ध्या रस्त्यात टीसी आला, यांनी तिकिटं पुढे केली, त्याने ती उलटून पालटून बघितली आणि कोऱ्या कडेवर बोटाने टकटक केलं. आम्हाला काही कळेना. पैसे भरलेत, स्टेशनांची नावं बरोबर आहेत, अजून काय पाहिजे. समोर एक कॉलेजची मुलगी बसली होती तिने इंग्रजीत समजावलं की तिकीट काढलं म्हणजे झालं नाही, गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवर एक छोटं मशीन असतं त्यात घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा, शिक्का नसेल तर तेच तिकीट तुम्ही परत वापरू शकता म्हणून ते विनातिकीटच धरतात. तिघांचे मिळून दीडशे युरो गेले. युरो तेव्हा शंभराच्या वर होता, म्हणजे पंधरा हजार रुपयांहून जास्तच. वन्सं पिसा येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, मनोऱ्यासमोर उभं केलं तरी लक्ष नव्हतं. त्यांना पैशापेक्षा हे लागलं की सगळ्या डब्यादेखत आपण फुकटे ठरलो, आयुष्यात कधी एसटीचं तिकीट चुकवलं नाही अशी ती बाई. टीसीचं काही चुकलं नाही, नियम तसाच आहे. पण ती एक ओळ आमच्या कात्रणात असती तर ती दुपार अशी गेली नसती.

म्हणून ही माहिती नीट लिहिते, ज्यांना जायचंय त्यांनी हवं तर हेच पत्र कापून ठेवा. रेजिओनाले म्हणजे साधी गाडी, त्यात सीट नंबर नसतो आणि भाडं ठरलेलं असतं, आधी काढा नाहीतर त्या दिवशी काढा तेवढंच. कागदाचं तिकीट असेल तर शिक्का मारायचाच. मशीन हिरवं-पांढरं असतं, कुठे अजून जुनं पिवळं दिसतं. तिकीट आत सरकवलं की खर्र आवाज होतो आणि तारीख-वेळ उमटते, काढून बघायचं उमटली का ते, नसेल तर दुसऱ्या मशीनवर जायचं. मोबाईलवर काढलं असेल तर शिक्का नाही, पण गाडी सुटायच्या आधी त्यातच चेक-इन करायचं असतं ते करा. आणि फ्रेच्चारोस्सा किंवा ईतालो या ज्या जोरात धावणाऱ्या गाड्या आहेत त्यांना हे काही लागत नाही, कारण तिकिटावर गाडी आणि सीट दोन्ही छापलेलं असतं. त्यांचं भाडं मात्र विमानासारखं वाढत जातं, महिना-दोन महिने आधी काढलं तर पुष्कळ स्वस्त पडतं, रोम ते फ्लोरेन्स दीड तास, फ्लोरेन्स ते व्हेनिस दोन-सव्वादोन तास, रोम ते नेपल्स सव्वा तास, त्यामुळे देशातल्या देशात विमान करू नका.

आता दुसरी गोष्ट नावांची. तिथे बोर्डावर फ्लोरेन्स कुठेच लिहिलेलं नसतं, फिरेन्झे लिहिलेलं असतं. व्हेनिसचं व्हेनेत्सिया, नेपल्सचं नापोली, ट्यूरिनचं तोरीनो. त्यात परत मोठ्या बोर्डावर गाडीचं शेवटचं स्टेशन ठळक असतं, म्हणजे रोमहून फ्लोरेन्सला जायचंय आणि बोर्डावर तोरीनो दिसतंय, माणूस उभ्या उभ्या घाबरतो. गावाचं नाव शोधायचंच नाही, तिकिटावरचा गाडी नंबर शोधायचा. बिनारिओ म्हणजे प्लॅटफॉर्म, पार्तेन्झे म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, आर्रीव्ही म्हणजे येणाऱ्या, गाडीला उशीर म्हणजे रितार्दो, आणि उशीता म्हणजे उशीर नव्हे, बाहेर जायचा रस्ता. प्लॅटफॉर्म नंबर गाडीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी लागतो, तोपर्यंत सगळी जनता मान वर करून उभी असते, तुम्ही एकटे नाही. व्हेनिसला स्टेशनं दोन, मेस्त्रे आणि सान्ता लुचिया. मेस्त्रे अलीकडे जमिनीवर, तिथे उतरलात तर ना पाणी दिसेल ना पूल, सान्ता लुचियाला उतरून बाहेर पायऱ्यांवर आलं की थेट समोर कालवा.

ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी मोठ्या स्टेशनांवर साला ब्लू म्हणून मदतकेंद्र आहे, आधी कळवून ठेवलं तर व्हीलचेअर आणि गाडीत चढवायला माणूस येतो, फुकट. पॅसेंजरच्या पायऱ्या कुठे कुठे उंच असतात, प्लॅटफॉर्म खाली राहतो, त्यामुळे हे खरंच लागतं. आम्हाला हे सहाव्या दिवशी कळलं, मग वन्संना एवढं बरं वाटलं की त्या म्हणाल्या आधीच कळलं असतं तर मी अजून दोन गावं केली असती.

शोपेरो हा शब्द पण लक्षात ठेवा, म्हणजे संप. तिथे रेल्वेचे, बसचे संप होतात पण आधी जाहीर करून होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठराविक गाड्या सोडाव्याच लागतात. संपाच्या दिवशी प्रवास असेल तर त्या वेळात बसवायचा.

शहरातली बस, मेट्रो सोपी आहे. काळ्या किंवा निळ्या पाटीवर मोठा टी लिहिलेली तंबाखूची दुकानं असतात, ताबाक्की म्हणतात, तिथे बसची तिकिटं मिळतात, दुकानात शिरताना आधी बोनजोर्नो म्हणायचं आणि मग बोलायचं, ते न म्हणता एकदम तिकीट द्या म्हणलं की त्यांना ते उद्धट वाटतं. रोमचं साधं तिकीट आम्ही गेलो तेव्हा दीड युरो, १०० मिनिटं चालतं, बस कितीही बदला, मेट्रोत मात्र एकदाच शिरता येतं. बसमध्ये चढल्यावर ते मशीनमध्ये घालायचं, पिसाची आठवण ठेवून.

आता बाथरूम. हे छापायला लाज वाटायचं कारण नाही कारण आपल्या वयाच्या माणसांचा अर्धा प्रवास याच काळजीत जातो. पहिली गोष्ट नळाची. तिथे नळावर सी लिहिलेलं असतं ते थंडचं नाही, काल्दो म्हणजे गरम! एफ म्हणजे फ्रेद्दो, ते थंड. पहिल्याच दिवशी रोमला वन्संनी सी बघून थंड समजून पूर्ण सोडला आणि हातावर घेतला, पाणी आधी थंडच येतं, दहा सेकंदांनी एकदम कढत आलं. फोड आला नाही पण मनगट लाल झालं होतं. दुसरी गोष्ट दोरीची. शॉवरजवळ छताकडून एक पातळ दोरी लोंबत असते, दिवा असेल नाहीतर कपडे वाळत घालायला असेल असं वाटतं, ती मदतीची घंटा असते, कुणी पडलं तर ओढायची. उगीच ओढलीत तर खालून माणूस धावत येतो. पण खरंच पडायची भीती असलेल्यांना ती दोरी कुठे आहे ते पहिल्या दिवशी दाखवून ठेवा. आणि तिसरी गोष्ट आपल्या सोयीची, इटलीत संडासाच्या शेजारी बिदे असतं, धुवायचं बसकं भांडं, नळ असलेलं. १९७५च्या सरकारी नियमानुसार घरातल्या निदान एका बाथरूममध्ये ते असायलाच हवं, त्यामुळे हॉटेलांमध्ये पण बहुतेक सापडतं. बाकीच्या युरोपात आपल्या लोकांची जी पंचाईत होते ती इथे होत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बॅगेतला तो प्लास्टिकचा मग मी नेलाच नसता.

बाहेर फिरताना स्टेशनवर संडासला एक युरोच्या आसपास पडतो, सुटी नाणी पर्समध्ये वेगळी ठेवा. नाहीतर बार शोधायचा. बार म्हणजे आपल्यासारखा दारूचा नव्हे, ते कॉफीचं दुकान असतं, सकाळी आजीबाई सुद्धा तिथे उभ्या असतात. एक कॉफी घ्यायची आणि बान्यो, म्हणजे बाथरूम, कुठे म्हणून विचारायचं. काउंटरला उभं राहून प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसून मागवली तर त्याच कॉफीचे दुप्पट-तिप्पट होऊ शकतात, मोठ्या चौकात तर नक्कीच, दरपत्रकात दोन्ही दर लिहिलेले असतात.

पाण्याचं तर मला फार कौतुक वाटलं. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर बीडाचे कमरेएवढे खांब असतात, त्यातून पाण्याची धार चोवीस तास पडत असते. नाझोने म्हणतात, नाझो म्हणजे नाक, तोटी नाकासारखी वाकडी असते म्हणून. १८७४पासून आहेत आणि शहरात अडीच हजारांच्या आसपास आहेत. पाणी पिण्याचंच आहे, थंडगार. आम्ही पहिले दोन दिवस दोन-तीन युरोला अर्ध्या लिटरची बाटली घेत होतो, मग एका शाळेच्या पोराने दाखवलं, तोटीचं तोंड बोटाने खालून दाबायचं, की वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं त्यातून कारंज्यासारखी धार वर येते, सरळ तोंड लावून पिता येतं, वाकायला लागत नाही. वन्संनी ते तीनदा करून बघितलं, पदर भिजला तरी. घरची एक रिकामी स्टीलची बाटली न्या, बास. कुठे नोन पोताबिले लिहिलं असेल तेवढं पिऊ नका.

खाण्याचं सांगते, कारण वन्सं माळकरी आहेत, अंडं सुद्धा चालत नाही. मेनूत पेपेरोनी दिसलं की आम्ही पान उलटत होतो, आपल्याकडच्या पिझ्झावाल्यांकडे पेपेरोनी म्हणजे मांसाच्या चकत्या. चौथ्या दिवशी कळलं की इटालियनमध्ये पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची! मांसाचा तिखट पिझ्झा असतो तो दियाव्होला. तसंच मारीनारा पिझ्झा, नावावरून समुद्रातलं काहीतरी वाटतं, पण त्यात नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीज सुद्धा नाही, आम्ही पुढचे सगळे दिवस तोच खाल्ला. चीज न चालण्याचं कारण असं की पार्मेझानमध्ये दूध घट्ट बांधायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, त्या चीजची कृतीच तशी ठरलेली आहे, बाकीच्या चीजचं विचारून घ्यावं लागतं. ज्यांना चालतं त्यांना मार्गेरिता कुठेही मिळेल. ताज्या पास्त्यात बहुतेक अंडं असतं, सुक्या पाकिटातल्या पास्त्यात साधारण नसतं, सेन्झा उओव्हा म्हणजे अंड्याशिवाय. आच्चूगे म्हणजे मासे, बारीक खारवलेले, ते सॉसमध्ये लपतात. स्त्रूत्तो म्हणजे डुकराची चरबी, पियादीना नावाची जी आपल्या पोळीसारखी पोळी असते तिच्या पिठात पुष्कळ ठिकाणी ते घालतात, पोळी बघून खूश होऊ नका, आधी विचारा. रिसोत्तो, म्हणजे त्यांचा मऊ भात, आणि सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, ब्रोदो व्हेजेताले, म्हणजे भाज्यांचं पाणी, आहे का एवढं विचारायचं. हे सगळे शब्द मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून वन्संच्या पर्समध्ये ठेवले होते, त्या वेटरसमोर तो कागदच धरायच्या आणि एकदाही कुणी तोंड वाकडं केलं नाही, उलट आत जाऊन विचारून यायचे.

वेळेचं पण बघा, दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर, मधे स्वयंपाकघर बंद असतं. सातला जेवायची सवय असेल तर जवळ काहीतरी ठेवा. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो लावतात, ती फसवणूक नाही, टेबलाचा आकार आहे, मेनूत लिहिलेला असतो. त्यावर टिप देणं सक्तीचं नाही. आणि रोममध्ये घरचं खावंसं वाटलं तर स्टेशनजवळ एस्क्विलिनोची मंडई आहे, भेंडी, कोथिंबीर, डाळ, मसाले सगळं मिळतं, बरेच दुकानदार बांगलादेशी, हिंदी कळतं त्यांना. वन्संनी तिथे हिरव्या मिरच्या निवडून घेतल्या तेव्हा पहिल्यांदा त्या मनापासून हसल्या.

बॅगेत काय न्यायचं हे तर फार महत्त्वाचं आहे आणि हे मी कुठल्याच पुरवणीत वाचलेलं नाही. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे तूप, पनीर, खव्याची बर्फी, कंदी पेढे नाही. ताजी फळं-भाज्या-पानं पण प्रमाणपत्राशिवाय नाही, म्हणजे लेकीसाठी हापूसची पेटी किंवा कढीपत्ता नाही. केळं, नारळ, अननस, खजूर एवढ्याला सूट आहे. आपले चिवडा, चकली, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सुक्या चटण्या खुशाल न्या. आमच्या शेजारच्या काकूंनी मुलीसाठी दोन किलो साजूक तूप बांधलं होतं, निघायच्या आदल्या रात्री मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना, तिथे पकडलं असतं तर टाकून दिलं असतं आणि वर दंड.

बघण्याच्या ठिकाणांचं थोडक्यात. कोलोसियमचं तिकीट नावावर असतं, दारात पासपोर्ट बघतात, साधारण महिनाभर आधी बुकिंग उघडतं आणि चांगल्या वेळा पटकन जातात. फ्लोरेन्सची दोन मोठी म्युझियमं, उफ्फिझी आणि डेव्हिडचा पुतळा असलेली आकादेमिया, सोमवारी बंद, आणि पुष्कळ टूरविना जाणारी मंडळी नेमकी सोमवारी तिथे असतात. व्हॅटिकनची म्युझियमं रविवारी बंद, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार उघडी आणि फुकट, पण त्या दिवशीची रांग वयस्कर माणसाने लावू नये. बुधवारी सकाळी पोपचा कार्यक्रम असला की सेंट पीटरचं चर्च दुपारपर्यंत बंद असू शकतं. सरकारी म्युझियमं महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना आणि १८च्या आतल्या मुलांना एरवीही फुकट, कुठल्याही देशाची असोत, नातवंडं घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, वन्संनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि सरळ आत गेल्या, जर्मनीहून भेटायला आलेला आमचा भाचा हाफपँटवर होता त्याला दारात थांबवलं. आणि रोमच्या त्या प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांवर बसू नका, २०१९पासून बसायला बंदी आहे, २५० युरोपासून दंड आहे. थकलेलं माणूस पायऱ्या बघून आपोआप टेकतं, वन्सं टेकल्याच, शिट्टी वाजली, पोलिसाने वय बघून नुसतं उठायला सांगितलं.

व्हेनिसला २०२४पासून गर्दीच्या ठराविक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश फी आहे, ५ युरो, आयत्या वेळी भरली तर १०. आम्ही सप्टेंबरात गेलो म्हणून लागली नाही, ते दिवस एप्रिल ते जुलैमधले होते. मुक्काम असेल तर माफ, मेस्त्रेतल्या हॉटेलात असलात तरी, पण त्या दिवसांत सवलतीचा कोड ऑनलाइन काढून मोबाईलमध्ये ठेवावा लागतो. तिथे रिक्षा-टॅक्सी काही नाही, बोटीचं एक तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटं, दिवसभराचा पास २५, आणि बहुतेक पुलांना पायऱ्या. मोठी बॅग घेऊन जाऊ नका, स्टेशनवर सामान ठेवायची सोय असते, देपोझितो बगाल्यी विचारा. हॉटेलात शहराचा कर वेगळा, माणशी रोजचा, रोममध्ये स्टारप्रमाणे वाढत जातो आणि पंचतारांकितला १० युरो होतो, ऑनलाइन बुकिंगमध्ये पुष्कळदा धरलेला नसतो, निघताना काउंटरवर मागतात.

पैशाचं एकच सांगते, एटीएम किंवा दुकानाच्या मशीनवर रुपयात की युरोत असं विचारलं तर युरोच दाबा, रुपये ओळखीचे वाटतात म्हणून आपण दाबतो आणि त्यांचा रेट वाईट लागतो. खरेदी एका दुकानात ७० युरोंच्या वर गेली तर टॅक्स परत मिळतो, पूर्वी ही मर्यादा दीडशेच्या वर होती, २०२४पासून कमी झाली, बिल करतानाच पासपोर्ट दाखवून फॉर्म मागायचा. रस्त्यावर चादर पसरून मोठ्या कंपनीच्या नावाच्या पर्स विकतात त्या घेऊ नका, नकली माल घेणाऱ्याला पण तिथे दंड आहे, ३०० युरोपासून पुढे. आणि खिसेकापू, रोमचं तेर्मिनी स्टेशन, मेट्रोची ए लाइन, व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस. कुणी हातात गुलाब किंवा धागा द्यायला लागलं तर हात मागे घ्यायचा, हातात घेतलं की पैसे मागतात.

व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, फी ९० युरो, ३०,००० युरोंचा प्रवास विमा सक्तीचा, परतीनंतर तीन महिने पासपोर्ट चालू हवा. जास्त रात्री ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे. १२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झालीये, त्यामुळे पहिल्या वेळेला रांग लांबते, पुढचं विमान किंवा गाडी लागून ठेवू नका. औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट, तिथल्या फार्माचियावर हिरवा क्रॉस असतो पण आपल्या कंपन्यांची नावं त्यांना कळत नाहीत. अडचणीत ११२, फुकट लागतो. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसात तक्रार, तिचा कागद घेऊन रोममधला भारतीय दूतावास किंवा मिलानमधला वाणिज्य दूतावास.

संपादक साहेब, पत्र लांबलं, पण यातलं काही कमी करावंसं वाटत नाही. तुमची माणसं परदेशी जातातच, त्यांना सांगा की एक चौकट अशी द्या, तिकीट, पाणी, बाथरूम, खाणं, बंद असायचे दिवस, दर त्या महिन्याचे. फोटो एक कमी छापला तरी चालेल. वन्संच्या पर्समधला तो कागद अजून आहे, तेलाचे डाग पडलेत पण वाचता येतो, मागच्या बाजूला वन्संनी स्वतःच्या अक्षरात 'आधी शिक्का' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. हवा असेल तर झेरॉक्स पाठवते.

आपली एक नेहमीची वाचक,
नाशिक